एका रुपयामागे किती परत

३ फेब्रुवारी, सोमवार

बागची साहेबांनी साडेदहाला बोलावलं. ते वित्त संचालक, मी त्यांच्या हाताखाली कॉस्टिंग बघते. बोलावणं नवीन नाही. दार लावून घ्यायला सांगितलं, ते नवीन.

मार्चअखेर स्वास्थ्य योजनेला तीन वर्षं होतात. पुढे चालवायची का, ते २० मार्चच्या बोर्डात ठरणार. "एका रुपयामागे किती परत आला, एवढंच हवं. एक पान. गेल्या वर्षी केलं होतं तसंच."

गेल्या वर्षीचं पान सगळ्यांच्या लक्षात आहे. घातलेल्यापेक्षा जास्त परत येतं, असं मी त्यात दाखवलं होतं. बोर्डात कौतुक झालं. पुढे ऑगस्टमध्ये मला बढती. दोन्हींचा संबंध नाही, असं मी धरून चालते.

योजनेत काय काय: बंगळुरूच्या एजन्सीचं वार्षिक चेकअप, योगा, पावलं मोजणारे मनगटी बँड. आणि गार्डन रीचच्या कारखान्यात शेफालीदीची खोली. शेफालीदी नर्स, रोज बराकपूरहून येते. एजन्सीचं सगळं एकगठ्ठा. शेफालीदीचा पगार आणि औषधं मात्र वेगळ्या ओळीत. वेगळ्या ओळीवर रेघ मारणं सोपं असतं.

मी निघताना बा. सा. म्हणालेच, "त्या खोलीचा वापर काही दिसत नाही."

५ फेब्रुवारी, बुधवार

गेल्या वर्षीचा कागद काढला. नवे आकडे घालायचे, तासाभराचं काम. तीन तास बसून होते.

मी काय केलं होतं: जे चेकअपला, योगाला येतात त्यांच्या आजारपणाच्या रजा आणि मेडिक्लेम एका बाजूला. जे येत नाहीत त्यांचे दुसऱ्या बाजूला. मधला फरक म्हणजे योजनेचा फायदा. आज योजना सुरू व्हायच्या आधीच्या वर्षातल्या रजा काढून बघितल्या. गेल्या वर्षी का नाही बघितल्या? फाइल याच कपाटात होती.

फरक तेव्हाही होता. जवळजवळ तेवढाच.

म्हणजे योजनेमुळे माणसं निरोगी झाली असं नाही. निरोगी माणसं योजनेत आली. यादीत माझंही नाव आहे. मी तळ्याभोवती चालायला जाते त्याला बारा वर्षं झाली, कुणी बँड दिला म्हणून नाही. माझ्यावर जो खर्च कधी होणारच नव्हता तो कंपनीने 'वाचवला', आणि ते मी माझ्या हाताने लिहिलं.

कुणाला सांगितलं नाही. ही वही मराठीत आहे ते बरं, टेबलावर राहिली तरी ऑफिसात कुणाला वाचता येणार नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

शिरीषला सांगितलं. तो बँकेत आहे, पुण्याहून बदलीवर आला आणि माझ्याशी लग्न करून इथेच राहिला; आकड्यांचं त्याला समजावून सांगावं लागत नाही. चहा ढवळत ऐकत होता.

"चूक पकडली कुणी?"

"मीच."

"मग यंदाच्या पानात पद्धत बदल आणि गेल्या वर्षीचं पान जाऊ दे. जुनी पानं कोण उघडतं?"

मी उघडलं ना, म्हटलं. तो म्हणाला, तुझ्याशी लग्न केलेल्या माणसाला ऑडिटची वेगळी गरज नाही. मग मी हसले, आणि विषय तिथेच राहिला.

राहिला कसला. रात्रभर नाही, पण आंघोळ करताना, मेट्रोत, डबा उघडताना.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गार्डन रीचला गेले. खिदिरपूरचा पूल जहाजासाठी उघडलेला, बस अर्धा तास जागच्या जागी. बाबा रेल्वेत होते तेव्हा मी या रस्त्याने शाळेत जायचे. तेव्हाही पूल उघडला की आम्हाला उशिराचं कारण मिळायचं.

शेफालीदीची खोली फिटिंग शेडच्या मागे. पूर्वी तिथे रंगाचे डबे ठेवत, भिंतीला अजून थोडा वास आहे. बाहेर लांब बाक, त्यावर सात-आठ माणसं. मला बघितल्यावर एकेक करून उठली. शेफालीदी म्हणाली, चहाच्या सुट्टीत सावलीला बसतात. पन्नाशीची बाई, चष्मा दोरीने गळ्यात. हसली तेव्हा माझ्याकडे न बघता हसली.

रजिस्टर बघितलं. दिवसाला दोन नावं, तीन नावं. कधी एकही नाही. मग औषधांचा साठा बघितला, आणि कॉस्टिंगची सवय कुठे जाते. शुगर तपासायच्या स्ट्रिप्सचे डबे संपतायत ते रजिस्टरमधल्या नावांच्या कितीतरी पट. बँडेज, मलम, तेच.

रजिस्टर मिटून निघाले. परतीच्या बसमध्ये मनात आलं: विकते का?

ते मनात आलं, म्हणून इथे लिहून ठेवते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज हाराधनदा. कारखान्यातून इथे एस्प्लनेडच्या ऑफिसात रोज टपाल आणतो, परत नेतो. ठेकेदाराचा माणूस, पण कुठल्याही कायम माणसापेक्षा जुना. व्हाउचरचं पाकीट देताना त्याच्या झोळीतून सुतळीत ओवलेलं काहीतरी खाली पडलं. मनगटी बँड. सात.

मी उचलले. त्यावरचे पावलांचे आकडे भलतेच पुढे गेलेले.

त्याने आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाला, बाबू लोक सकाळी देतात, संध्याकाळी घेतात. चहा पाजतात. मी तर चालतोच, दीदी, यांना ओझं थोडंच आहे.

मागच्या डिपार्टमेंटच्या शिक्क्यांवरून सातपैकी तीन आमच्या अकाउंट्सचे. पावलांच्या स्पर्धेत अकाउंट्स पहिलं आलं होतं. बक्षिसाच्या बिलावर माझी सही. टाळ्या वाजवताना मला वाटलं होतं, ही खुर्चीला चिकटलेली माणसं चालतात कधी? खूप हसले. हाराधनदाही हसला, तोंडावर हात ठेवून. विचारलं, तुझा स्वतःचा कुठला यातला?

"मला कोण देणार? मी ठेक्याचा."

मग पाय बघितला. उजवा चपलेतून अर्धा बाहेर, तळव्याला पट्टी. म्हणाला जखम होती, सहा महिने भरत नव्हती, आता भरतेय. शुगर निघाली. कुठे तपासलीस, विचारलं. "शेफालीदी दर आठवड्याला..." एवढं बोलून थांबला. मग माझ्या हातातून सुतळी हळूच काढून घेतली आणि म्हणाला, की कोरबो बोलुन. काय करणार, सांगा. टपालाला उशीर होतोय असं म्हणत निघून गेला.

स्ट्रिप्स कुठे जातात ते कळलं: ज्यांना त्या खोलीत मनाई आहे त्यांच्याकडे.

मंगळवारचं वाक्य वर आहेच. खोडणार नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा गार्डन रीच. या वेळी थेट विचारलं. शेफालीदीने दार लोटलं, खुर्ची दिली, आणि कपाटात कापसाच्या गठ्ठ्यामागून शाळेची वही काढली. बंगाली अक्षर, बारीक, सरळ. नावं, तारीख, बी. पी., शुगर, काय दिलं. रंगारी, माल उतरवणारे, कॅन्टीनमधल्या बायका, झाडूवाल्या. सगळी ठेकेदारांची माणसं. हाराधनदा चौथ्या पानावर. ही तिसरी वही, दोन भरल्या.

दारावर पाटी आहे: फक्त कायम कर्मचाऱ्यांसाठी. ठेकेदाराच्या माणसाला काही झालं तर जबाबदारी आपल्यावर येते, म्हणून. ठेकेदाराची प्रथमोपचाराची पेटी आहे. तिला कुलूप आहे.

कायम माणसं का येत नाहीत, विचारलं. ती म्हणाली, क्रेनवाल्याचं बी. पी. मी रजिस्टरमध्ये लिहिलं की तो दुसऱ्या दिवशी क्रेनवरून खाली, भत्ता बंद. एकाचं तसं झालं, मग बाकीच्यांनी ही वाटच सोडली. आणि ऑफिसवाल्यांना मेडिक्लेम आहे, ते मोठ्या हॉस्पिटलात जातात.

"नियम मला माहीत आहे, विद्यादी. पण माणूस समोर येऊन बसला की आधी तू कुणाचा, असं कसं विचारू?"

बंगाली मला वाचता येतं, इथेच शिकले. तासभर वही वाचत बसले. एका रंगाऱ्याचं बी. पी. पहिल्या दिवशी एवढं की मी दोनदा वाचलं. खाली दर सोमवारी नवा आकडा, हळूहळू उतरणारा. आठव्या सोमवारी शेफालीदीने लिहिलंय: 'आज हसत आला.'

मी काय समजले होते ते तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तर माझं मन हलकं झालं असतं, तिचं जड. तरी नुसतं घाबरूनच गप्प राहिले असेन.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कच्चं पान करून बघितलं.

ही माणसं आजारी पडली की ठेकेदार दुसरी आणतो, यांची मजुरी बुडते, कंपनीचं काही जात नाही. यांना मेडिक्लेम नाही. म्हणजे शेफालीदीने त्यांच्यावर वापरलेली प्रत्येक स्ट्रिप माझ्या पानात नुसता खर्च. परत शून्य. रंगाऱ्याचं बी. पी. उतरलं ते कुठल्याच रकान्यात येत नाही.

वही लिहिली तर नियम मोडला म्हणून शेफालीदी जाते. नाही लिहिली तर खोली रिकामी दिसते, म्हणून खोली जाते, शेफालीदी जाते. दोन्हीकडून तेच. मग काय लिहिलं त्याने फरक कुणाला? मला?

इथे थांबते. हे स्वतःबद्दल व्हायला लागलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

तनिमा आली होती. एच. आर.ची मुख्य, योजना मूळ तिची. मी पद्धत तपासतेय हे तिच्या कानावर गेलेलं. मला वाटलं भांडेल. ती खुर्ची ओढून बसली आणि वडिलांचं सांगायला लागली. ऑफिसात टेबलावरच गेले, चोपन्नाव्या वर्षी, शेजारच्याला वाटलं डुलकी लागलीय. त्यानंतर तिने पहिली नोकरी धरली तेव्हाच ठरवलं होतं, आपल्या ऑफिसात माणसांची तपासणी व्हायची. चार वर्षं ती आमच्याकडे आहे, मला एवढंही माहीत नव्हतं.

बँडचं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. मग हळूच विचारलं, माझ्या डिपार्टमेंटचे किती होते? दोन, म्हटलं. "एक कदाचित माझाच," म्हणाली. मग आम्ही दोघी बराच वेळ हसत होतो.

जाताना दारात थांबली. "विद्यादी, एक सांगा. फायदा झाला नाही असं सिद्ध झालंय, की फायदा झाला हे सिद्ध झालेलं नाही?"

बरोबर विचारलं. माझ्या चुकीपासून मी थेट उलट टोकाला पळत होते. मला एवढंच म्हणता येतं, की माझ्या गेल्या वर्षीच्या आकड्यावरून काही कळत नाही. चेकअपमध्ये एखाद्याचं काही वेळेत सापडलंही असेल. तीन वर्षांत रजा आणि बिलांत ते दिसावं, हा आग्रह आमचा.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

वहीबद्दल लिहायचं तर शेफालीदीला विचारल्याशिवाय नाही. आज ती घरी जाताना फोन केला. गाडीत होती, सियालदहहून सुटलेली, आवाज तुटत होता. दोन्ही बाजूंनी काय काय होऊ शकतं ते सगळं सांगितलं. काहीही पक्कं नाही, मी कुठलाही शब्द देऊ शकत नाही, हेही.

मध्येच गाडीच्या खडखडाटात आवाज बुडाला. मला वाटलं, कट झाला.

"लिहा," म्हणाली. "माझं नाव लिहा, पूर्ण. त्यांची नावं लिहू नका. रंगाऱ्याला ठेकेदार काढून टाकेल."

मग म्हणाली, वही दाखवावी लागली तर मी नवी करून देते, नावांच्या जागी नंबर घालून. शनिवार-रविवार पुरे. तिच्या घरी आजारी नवरा आहे, पेन्शन नाही, हे मला तनिमाकडून परवा कळलं. ती स्वतः त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. मी विचारायला हवं होतं का? विचारलं असतं तर लिहिणार नव्हते का?

३ मार्च, सोमवार

एका पानाची तीन झाली.

पहिलं: गेल्या वर्षीचा आकडा मागे घेते, कारण अमुक. चूक माझी. दुसरं: योजनेमुळे किती वाचलं ते या माहितीवरून सांगता येत नाही, सांगायचं असेल तर कायम आणि ठेक्याचे, येणारे आणि न येणारे, सगळ्यांची आधीची आणि नंतरची नोंद हवी. आणि क्रेनवाल्यांना तपासणीची शिक्षा होते तोवर ते तपासायला येणार नाहीत. तिसरं: खोली रिकामी नाही. कोण येतं, का येतं, शेफालीदीने नियम मोडलाय, तो तिला माहीत होता, आणि मलाही १४ फेब्रुवारीपासून माहीत आहे. यातून कंपनीला परत काही येत नाही. खोलीचा खर्च एवढा. ठरवताना हे माहीत असावं.

शेवटचं वाक्य चार वेळा बदललं. एकदा त्यात 'माणुसकी' शब्द आला होता. काढला. तो शब्द वाचला की माणसं पान उलटतात.

बा. सा. उभ्यानेच वाचायला लागले, मग बसले. त्यांचे केस पांढरे झालेत ते मी आज पहिल्यांदा नीट बघितलं.

"तुम्ही स्वतःच्याच पानाविरुद्ध लिहिलंत."

हो म्हटलं.

ते म्हणाले, पहिल्या पानाची काळजी करू नका. योजना राहणारच. परदेशी गिऱ्हाइकांच्या फॉर्मात विचारतात, कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी काय करता. तिथे हो लिहावं लागतं. परताव्याचा आकडा बोर्डाला ऐकायला बरा वाटतो, एवढंच.

म्हणजे महिनाभर मी जिच्यावर झोप घालवली ती कबुली फुकटची निघाली. कुणाला नकोच होती. मला हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

"प्रश्न खोलीचा आहे," बा. सा. म्हणाले. "हे तिसरं पान बोर्डाला द्यायलाच हवं? नुसतं 'वापर कमी' म्हणून खोली बंद झाली तर या बाईला तीन महिन्यांचा पगार देऊन नीट पाठवता येईल. हे लिहिलंत तर शिस्तभंग. मी तिच्याच भल्याचं बोलतोय."

खरंच तिच्या भल्याचं बोलत होते, ते कळत होतं. म्हणूनच नाही म्हणणं कठीण होतं. शेवटी म्हटलं, तिला विचारलंय साहेब. तिने लिहा म्हटलंय.

त्यांनी तिन्ही पानं एकावर एक सारखी केली. बघतो, म्हणाले.

५ मार्च, बुधवार

काही नाही. बा. सा. लिफ्टमध्ये भेटले, उन्हाळा लवकर आला म्हणाले.

शिरीष म्हणतो, तीन महिन्यांचा पगार ही वाईट गोष्ट नाही, तू तिच्या वतीने नाकारलीस. तो टोचायला म्हणाला नाही, विचारात पडून म्हणाला. मी म्हटलं, तो पर्याय मला सोमवारपर्यंत माहीत नव्हता, म्हणून तिलाही माहीत नव्हता. मग आता सांग तिला, म्हणाला.

दुपारी सांगितलं. शेफालीदी ऐकून म्हणाली, तीन महिने मला. बाकीच्यांना काय? मी म्हटलं, तरी विचार करा, घरात आजारपण आहे. तिने विचारलं, कुणी सांगितलं तुम्हाला? आणि पहिल्यांदाच आवाज थोडा कडक झाला. माझ्या घरचं त्या पानात घालू नका, म्हणाली.

घातलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

साडेचारला बा. सा. स्वतः माझ्या टेबलापाशी आले. सगळं अकाउंट्स उभं राहिलं. हळू आवाजात म्हणाले, सोमवारी सकाळी ते गार्डन रीचला जाणार आहेत, मीही बरोबर यायचं. कारखान्यात कुणाला कळवू नका. तिसरं पान बोर्डाला द्यायचं की नाही, ते बघितल्यावर ठरवू.

कळवू नका, हे साहेबांचं बरोबर. कळवलं तर जे दिसेल ते मांडलेलं असेल. आणि गेल्या वर्षी मांडलेल्या गोष्टीवरच तर मी विश्वास ठेवला.

पण न कळवता साहेबांना त्या दारात नेऊन उभं करायचं म्हणजे, ती इंजेक्शन देत असताना, पाटीच्या खाली, ज्याला मनाई आहे त्याला. तिने मला वही उघडून दिली होती. दीड तास दोन्ही बाजू लिहून बघितल्या, चक्क रकाने पाडून. मग कागद फाडला.

सव्वासहाला परत साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, मी तिला सांगणार आहे. तुम्हाला न सांगता सांगितलं असं व्हायला नको, म्हणून आले. ते चष्मा पुसत होते. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. "तुमच्याबरोबर काम करणं कठीण आहे, विद्या," एवढंच. रागावले का, ते आवाजावरून कळलं नाही.

जिन्यातूनच फोन केला. सोमवारी साहेब येतायत, अकराच्या सुमाराला, मी बरोबर आहे. एवढंच सांगितलं. बाहेरच्या लोकांना नको म्हणा, किंवा येऊ द्या, यातलं काही सांगितलं नाही. ते तिने ठरवायचं.

शेफालीदीने अकरा ना, असं विचारून घेतलं. मग म्हणाली, सोमवारी रंगाऱ्यांचा वार असतो, बाकावर जागा नसते. साहेबांना उभं राहावं लागेल.